पंख्याचा कंडेन्सर नकोय मला!

गिटारच्या जुन्या अॅम्पसाठी साडेचारशे व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे डीसीवरचा कंडेन्सर मागितला की पंख्याचा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर पुढे सरकवायचा, हा काय प्रकार आहे? नाशिकात एमजी रोडला तेच, रविवार कारंज्याकडे तेच. "यावरपण चारशे चाळीस लिहिलंय की, साहेब!" लिहिलंय हो, पण ते एसी करंटचं, मला हवा डीसीचा. आणि मला अडीच नाही, बत्तीस हवेत. त्यावरही उत्तर तयार: "मग बोअरच्या मोटरचा देऊ?" जिकडे बघावं तिकडे मोबाइलची कव्हरं आणि टफन ग्लास, आणि एक कंडेन्सर मिळायची मारामार.

अॅम्प साठच्या दशकातला, इंग्लंडचा, व्हॉल्व्हवाला (ट्रान्झिस्टरच्या जागी काचेच्या नळ्या). देवळालीच्या एका जुन्या बँडवाल्याकडून घेतला. आवाज अजून खणखणीत. पण चालू केला की मागून घूंऽऽऽ, अखंड. आपली लाइन ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून ही घूं १०० हर्ट्झची. गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी असतो ९८चा. म्हणजे जी कॉर्ड धरली रे धरली, की दोघं एकमेकांच्या उरावर बसून वांव-वांव करतात. आता जी कॉर्ड सोडून वाजवायचं तरी काय?

व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत. वाळलेत ते ही घूं गाळणारे फिल्टर कंडेन्सर. आतलं इलेक्ट्रोलाइट सुकतं, कपॅसिटी घटते, ईएसआर, म्हणजे आतला रोध, चढतो. माझ्या अॅम्पमधल्या अॅल्युमिनियमच्या डब्याच्या बुडाशी, वायर जोडायच्या टॅगजवळ, तपकिरी चिकट घाण बाहेर आली आहे. याहून स्पष्ट तो बिचारा काय सांगणार?

एका दुकानात मात्र "ओरिजिनल जुना माल" निघाला. फडक्याने धूळ झटकून, अत्तर दाखवावं तसा दाखवला. भाव असा, की विचारल्याचा पश्चात्ताप व्हावा. अहो काका, इलेक्ट्रोलिटिक न वापरता पडून राहिला तरी म्हातारा होतो! आतला ऑक्साइडचा थर विरत जातो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तापेल, फुगेल, फुटेलसुद्धा. यावर काका म्हणे, "पूर्वीचा माल वेगळाच होता." होता ना, पूर्वी.

दुसऱ्याने चारशे व्होल्टचा काढला. "पन्नासने काय फरक पडतो?" माझ्या अॅम्पच्या एचटी लाइनवर, म्हणजे व्हॉल्व्हना जाणाऱ्या डीसीवर, सव्वाचारशे आहेत, दादा! रात्री लाइन चढली की आणखी.

मेकॅनिकची तर बातच सोडा. एकाने बघता बघता स्क्रू ड्रायव्हर आत घालून कंडेन्सर शॉर्ट केला. फाटकन ठिणगी! ड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडला आणि हा हसतोय. अरे, अॅम्प बंद करून प्लग काढला तरी आत जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. आधी रेझिस्टरमधून हळूहळू उतरवायचा, मग मीटर लावून शून्य बघायचं, एवढी साधी गोष्ट. वर सल्ला काय, तर "शंभर एमएफडी टाकू, हम (म्हणजे ती घूं) मुळापासून जाईल." रेक्टिफायरनंतरच्या पहिल्याच जागी? रेक्टिफायर जीझेड३४ नावाचा व्हॉल्व्ह आहे, त्याच्या डेटाशीटवर पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ६० मायक्रोफॅरडची. हमबरोबर रेक्टिफायरही मुळापासून जाईल! हे समजावलं तर म्हणतो, "इतकं माहितीय तर स्वतःच करा ना." करतोच. पार्ट दे!

ऑनलाइन बघितलं तर कुरिअर मालापेक्षा महाग, आणि फोटोतला माल कुठल्या सालचा ते देवाला ठाऊक.

तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारं कुणी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात डोकावणार असेल तर लिहून घ्या: ३२+३२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्ट, दोन सेक्शनचा कॅन, म्हणजे एकाच डब्यात दोन कंडेन्सर. तो नसेल तर ३३चे दोन सुटे, ४५०च्या खाली एक व्होल्ट नको, १०५ डिग्रीवाले. अंगावरचा तारखेचा कोड वाचून घ्या. आणि दुकानदार "चालतंय हो" म्हणाला, की पुढच्या दुकानात जा. पैसे लगेच पाठवतो.