डाव्या हाताचा मळ

नणंदेच्या मुलाचा साखरपुडा रविवारी संध्याकाळी होता आणि शुक्रवारपर्यंत माझी नखं देवाने दिली तशीच होती. पार्लरमध्ये चौकशी केली. दहा नखांवर हाताने नक्षी काढायचे १८०० रुपये. म्हणजे बोटाला १८०. अंगठ्याला १८० आणि करंगळीलाही १८०. एसटीत मुलांना अर्धं तिकीट असतं, इथे करंगळीला पूर्ण! मी तिथल्या तिथे ठरवलं की हे काम घरी करायचं. यूट्यूबवर एक मुलगी तेच काम चार मिनिटांत करत होती आणि वर हसतही होती. ‘हे तर माझ्या डाव्या हाताचा मळ,’ असं मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. माझी त्या वेळची सगळ्यात मोठी चूक हीच.

मला वारली काढायची होती. साडी गेरूच्या रंगाची होती, आणि आम्ही राहतो डोंबिवलीत. वारल्यांचं पालघर काही परमुलूख नव्हे. शिवाय वारलीचं भांडवल काय? त्रिकोण, गोल आणि रेघ. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड, वर टिंब म्हणजे डोकं, चार काड्या म्हणजे हातपाय. माझ्यासारख्या, चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर आणि मधोमध सूर्य काढून सुटलेल्या बाईला आणखी काय हवं?

आता कळतं की साध्या दिसणाऱ्या गोष्टीइतकं लबाड जगात काही नसतं. लग्नघराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढणं हे वारल्यांमध्ये मुळात सुवासिनींचं काम. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुरुष असून रोज चित्रं काढू लागले, आणि भिंतीवरची ही माणसं कागदावर उतरून जगभर फिरून आली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साहित्य काय, तर गेरूने सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. माझ्याकडे भिंतीऐवजी दीड सेंटिमीटरचा अंगठा होता. काडी चावायची गरज नव्हती. पुढे दात-ओठ मात्र भरपूर चावले.

शुक्रवारी रात्री पहिला प्रयोग. नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत काळा पर्मनंट मार्कर सापडला. क्रीम रंगाच्या नेलपेंटवर मी त्याने तर्जनीवर एक बाई काढली. डोक्यावर हंडा, कमरेत बाक, अगदी बघत राहावं अशी. मग वर चकाकीसाठी टॉपकोटचा हात फिरवला. बाईने डोळ्यांदेखत हंडा टाकला, पदर सोडला आणि ती नखभर पसरली. शेवटी उरला तो आंघोळीच्या बादलीत शाई सांडल्यासारखा करडा रंग.

नाव पर्मनंट असलं तरी त्या शाईचा रंग अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळवलेला असतो, आणि टॉपकोट म्हणजे निम्म्याहून जास्त द्रावकच. तो भेटला की ही विरघळते. पर्मनंट ही पदवी कागदापुरती, हे मला बेसिनपाशी उभं राहून रिमूव्हरने नख घासताना कळलं. (पर्मनंट नोकरीवाल्या नवऱ्याने इथे घसा खाकरला. मी दुर्लक्ष केलं.)

तर हवं होतं पेंट मार्कर. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग भरलेलं पेन. शाळेच्या प्रोजेक्टवाल्या मुली, दगडांवर मंडल काढणाऱ्या मावश्या, स्नीकरवर ड्रॅगन काढणारे पोरगे, सगळे वापरतात. या जातीतलं नावाजलेलं पॉस्का जपानच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने १९८३ साली काढलं. या मित्सुबिशीचा मोटारवाल्या मित्सुबिशीशी काडीचा संबंध नाही. गंमत अशी की मोटारीचा संबंध आहे तो नेलपेंटशी! नेलपेंटमधला नायट्रोसेल्युलोज १९२०च्या दशकात मोटारींच्या रंगात वापरत. म्हणजे नखाला मोटारीचा रंग, आणि त्यावर मोटारीच्या नावाचं पण मोटारीचं नसलेलं पेन. माझं पेन मात्र या घराण्यातलं नव्हतं. ते स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्याकडचं, पांढरं, ०.७ मिलिमीटर टोकाचं, ९० रुपयांचं. दुकानदाराला ‘नखावर चालेल का?’ विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि ‘काचेवर चालतं,’ म्हणाला.

ही पेनं बनवली जातात कागद, काच, दगड यांच्यासाठी, नखासाठी नाही. म्हणून खाली बेसकोट, त्यावर रंगाचे दोन हात आणि मगच चित्र, एवढी अक्कल मी चालवली. पेन आधी हलवायचं. आत एक गोळी असते, ती खळखळते आणि तळाला बसलेला रंग ढवळते. सासूबाईंना वाटलं मी खुळखुळा आणलाय. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जी आशा चमकली ती पाहून मी घाईने खुलासा केला.

मग टोक रद्दी कागदावर दाबायचं, म्हणजे रंग उतरतो. दाबलं, उतरला नाही. पुन्हा दाबलं. नाही. जोरात दाबलं तेव्हा तो सगळा एकदम आला, आणि लोकसत्तेच्या कुठल्याशा मंत्र्याच्या कपाळावर भस्म लागलं.

शनिवारी दुपारी, गेरूच्या नेलपेंटवर पहिली रेघ ओढली तर ती रेघ राहिनाच. अळूच्या पानावर पाणी सोडावं तसे टिपूस टिपूस होऊन बाजूला सरकले. चकचकीत नेलपेंटवर पाण्यातला रंग ठरत नाही. उपाय मॅट टॉपकोट. त्याने पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंगाला पाय रोवायला जागा मिळते. रंग ओला असेपर्यंत चुकलं तरी ओल्या टूथपिकने पुसता येतं, खालचं नेलपेंट हलत नाही. हे कळलं आणि मी डावा हात सुरू केला.

माझ्या डाव्या हाताबद्दल मी कितीही बोलू शकते. अंगठ्यावर तारपा वाजवणारा माणूस, त्याचा तो दुधीभोपळ्याचा फुगीर तारपा. तर्जनी, मधलं बोट, अनामिका या तिघींवर हातात हात घालून नाचणारी माणसं, एका नखावरून दुसऱ्यावर जाणारी साखळी. करंगळीवर एक कोंबडा. कोंबडा मुद्दाम ठरवून काढला नव्हता, झाला. पण झाला तो इतका देखणा की मी त्याचे सात फोटो काढले. टॉपकोट या वेळी रगडला नाही. ब्रशवर मोठा थेंब घेऊन तो नखावर नुसता तरंगवत नेला. एकही माणूस हलला नाही. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘अगं, हे तू काढलंस?’ लग्नाला सोळा वर्षं झाली, हा सूर मी आधी एकदाच ऐकला होता. तेव्हा पुरणपोळी नणंदेने केलेली होती.

‘आणि उजवा?’ त्याने विचारलं.

उजवा. हो.

डाव्या हाताचा मळ ही म्हण ज्याने काढली त्याने डाव्या हाताने फक्त मळच काढला असणार. मी डाव्या हातात पेन धरलं तेव्हा त्याला कुणीतरी नुकतं झोपेतून उठवलंय असं वाटलं. मी सांगत होते त्रिकोण, तो काढत होता भजी. पेन स्थिर ठेवून खालचं बोटच फिरवायचं, अशी युक्ती त्या यूट्यूबवालीने सांगितली होती. मी उजवं बोट पेनाखाली लिंबू पिळल्यासारखं फिरवलं. टिंबं बरी आली, रेघा नाही. मग मी धोरण बदललं. माणूस चुकला की त्याचं झाड करायचं. झाड चुकलं की डोंगर. डोंगर चुकला की वर पाऊस. उजव्या मधल्या बोटावर शेवटी इतका पाऊस झाला की ते नख पूर्ण पांढरं झालं.

लेक तेरा वर्षांची. ती शेजारी बसून हे सगळं बघत होती. ‘आई, दे मी काढते. माझा डावा चालतो.’

ती डावखुरी. मी ‘नको’ म्हटलं. का म्हटलं? पेन माझं, हट्ट माझा. आणि तिला गेली दहा वर्षं ‘उजव्या हाताने घे’, ‘प्रसाद उजव्या हातात’, ‘जेवताना उजवा’ असं घरात जे सतत ऐकवलं जातं त्यात माझाही आवाज आहे. आता तिच्याच डाव्या हातापुढे हात पसरायचा? ती ‘बरं’ म्हणाली आणि मोबाइलमध्ये गेली.

वाळण्याचा तास वेगळाच. एरवी दिवसभर कुणी मला विचारत नाही. दहा बोटं पसरून बसले आणि बेल वाजली, कुरियर. त्याला ओटीपी हवा. मी पेराने चार आकडे दाबले, तीनदा चुकीचे. कुकरची तिसरी शिट्टी झाली. सासूबाईंना तेवढ्यात कढीपत्ता निवडून हवा होता. आणि नाक. आयुष्यभर गप्प बसलेलं माझं नाक त्या वीस मिनिटांत जे खाजलं! मी ते शेवटी सोफ्याच्या उशीवर घासलं. हे दृश्य पाहून कुरियरवाला पार्सल ठेवून न बोलता निघून गेला.

रविवारी साखरपुड्याच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर लक्षात आलं ते आधी सुचायला हवं होतं. माझी सगळी कला डाव्या हातावर आहे, आणि आपल्यात डाव्या हाताला विचारतं कोण? हळद-कुंकू उजव्याने. अक्षता उजव्याने. ताम्हण उजव्याने फिरवायचं. मसालेभातही उजव्यानेच, त्यातल्या हळदीने मधल्या बोटावरचा पाऊस पिवळा केला. डावा हात सबंध संध्याकाळ पर्सखाली, पदराखाली, ताटाखाली. कोंबडा कुणालाही दिसला नाही. मी उगाच केस सावरत होते, गळ्यातलं चाचपत होते, एकदा तर हनुवटीला बोट लावून विचार करत उभी राहिले. चुलतसासूबाईंनी विचारलं, ‘दाढ दुखतेय का गं?’

मग आत्याबाई पेढे घेऊन आल्या. मी डावा हात पुढे केला.

‘उजवा!’ त्यांनी पेढा मागे घेतला.

मागून लेकीचा आवाज आला, ‘रोज असंच असतं, आई.’

मी उजवा पुढे केला. आत्याबाईंनी पेढा ठेवता ठेवता अंगठा धरला, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जवळ नेऊन पाहिलं.

‘हे काय आहे?’

‘वारली आहे, आत्याबाई. तारपा वाजवणारा माणूस.’

‘ह्याला पाय किती?’

मी मोजले. ‘पाच.’

‘मग खेकडा म्हण की,’ असं म्हणून त्यांनी पेढा हातावर ठेवला आणि ताट लेकीपुढे धरलं. लेकीने डाव्या हाताने उचलला. आत्याबाईंचा चष्मा अजून माझ्या अंगठ्यावरच होता.