मागे काही लिहून ठेवू नका

मृत्युपत्राचं नाव घरात काढू नका. वास्तू तथास्तु म्हणते. विमा एजंटासमोर बसून ‘मी गेल्यावर किती मिळतील’ हे तासभर विचारलं तर तिला ऐकू जात नाही, पण घर कोणाला हे कागदावर लिहिलं की लगेच जातं. त्यातून हे काम इतकं सोपं करून ठेवलंय की मोह व्हायची भीती. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या. एवढ्या स्वस्तात होणाऱ्या गोष्टीला घरात किंमत राहते का?

आणि एकदा लिहून मोकळे झालात की रविवारी फोन कोण करणार? तेव्हा लिहू नका, बोला. थोरल्याला देवघरासमोर उभं करून सांगा, “फ्लॅट तुझाच रे.” धाकट्याला परदेशी जाताना विमानतळावर तेच सांगा. लेकीला स्वयंपाकघरात गाठून म्हणा, “तुझं मी वेगळं ठेवलंय, कुणाला बोलू नकोस.” गुणी मुलं आहेत, बोलणार नाहीत. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं की मग तिघंही एकदमच बोलतील. मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा देतो. देवघरासमोर काय ठरलं होतं ते तो विचारत नाही.

गावाकडची जमीन असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. सातबारा उतारा काढूच नका. काढलात तर त्यावर पणजोबा अजून कसताना दिसतील. एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं दिसलं तर तिथे हात जोडा. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलं, बाकीचे भाऊ ‘आपलाच आहे’ म्हणून घरी बसले. पुढे मॅनेजर गेले, वारस म्हणून त्यांच्याच मुलांची नावं चढली आणि चुलते उताऱ्यावरून अलगद उतरले. फेरफाराची नोटीस कुणी वाचली नाही, कारण वाचणारे मुंबईला गिरणीत होते. आता त्या चुलत्यांचे नातू तलाठ्याकडे वंशावळ घेऊन जातात. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, वंशावळ तीच लागते.) तुम्हीही वारसनोंद पुढच्या पिढीवर सोडा. त्यांना पणजीचं माहेरचं आडनाव शोधायला लागू दे, तेवढीच नाती कळतील.

बहिणींचं फार मनावर घेऊ नका. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली, केंद्राला २००५ उजाडलं. आपल्याकडे त्यावर हक्कसोडपत्र तयार असतं. भाऊबीजेच्या आसपासचा मुहूर्त उत्तम: ओवाळणीत साडी, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांकडे अंगठा. न देणारीला ‘माहेर तुटेल हो’ एवढं मावशीकडून कळवलं की पुरतं.

नाव मात्र जपून वापरा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळं. बँकेत दत्तात्रय, आधारवर दत्तात्रेय, जुन्या शेअर्सवर डी. जी., उताऱ्यावर दत्तू. हे चौघे एकच गृहस्थ होते, असं प्रतिज्ञापत्र मुलं करत बसतील. तेवढ्याने भागलं नाही तर वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालय आहेच. तिथे आजही १८२७ चं मुंबई रेग्युलेशन चालतं. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती तेव्हाचं. कंपनी सरकार गेलं, राणी गेली, रेग्युलेशन आहे.

नॉमिनी लावला म्हणजे सगळं झालं, असं खुशाल समजा. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी हा काही मालक होत नाही, वारसांचा हक्क शाबूत राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं, पण ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाला पटणार? नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात. म्हणजे आता चौघांना मनातल्या मनात मालक करून ठेवायची सोय झाली.

ठेवींच्या पावत्या कुठे आहेत हेही सांगू नका. हिला तर नाहीच; हिच्या पोटात काही राहत नाही. लॉकरची किल्ली गव्हाच्या डब्यात, पासवर्ड डोक्यात, ओटीपी येणारा मोबाईल तुमच्या नावावर. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही की ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. वारसांना ती नंतरही बँकेकडे मागता येते आणि शोधायला ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे. मुलं तिथे बसतील, तुमचं नाव टाकतील. दत्तात्रय टाकायचं की दत्तात्रेय, यावर पहिलं भांडण होईल. फ्लॅटचं त्यानंतर.