महिनाभर आत राहून आलं म्हणून लेकराची पोटगी फिटत नाही

रविवारी रात्री मानेवाड्याहून आतेबहिणीचा फोन आला. "दादा, आता काही होत नाही म्हणते. कलमच रद्द झालं म्हणते. मी उद्या येऊ का नको गा?"

सोमवारी ती थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज टाइप करून घ्यायला माझ्याकडे येणार होती. मुलगी आठ वर्षांची. महिना ६,००० रुपयांचा हुकूम हातात आहे आणि ११ महिन्यांपासून एक रुपया नाही. अशा बाईला तिच्या सख्ख्या भावानं मोबाइलवर आलेला मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "सोडून दे आता, कायदा बदलला." भावाचा हेतू वाईट नव्हता. त्याला तो मेसेज खरा वाटला, आणि माझा संताप त्याचाच आहे.

मी वकील नाही. नागपुरात कोर्टाला लागून माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सतरा वर्षं झाली, पोटगीचे अर्ज, शपथपत्रं, पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) टाइप करतो. बायांचे करतो तसे माणसांचेही करतो. हा मेसेज दोन महिन्यांत चार वेगवेगळ्या लोकांनी मला दाखवला, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

मेसेज असा आहे: 'प्रत्येक पीडित पुरुषाने जतन करा. १) १ जुलै २०२४ पासून कलम १२५ रद्द, जुने सर्व पोटगी आदेश संपुष्टात. २) एक महिना जेल भोगली की सर्व थकबाकी माफ. ३) एक वर्षावरची बाकी आपोआप बुडते. ४) पत्नी कमावती असल्यास मुलाचा खर्च तिचा. ५) नोकरी सोडल्यास कोर्ट काहीही करू शकत नाही. ६) मुलाची भेट नाही तर पोटगी नाही. ७) पत्नीने काही नको असे लिहून दिले असल्यास मुलालाही हक्क नाही.'

पहिला मुद्दा दोन ओळींत संपतो. जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, हे खरं आहे. पोटगीचं जुनं कलम १२५ नव्या संहितेत कलम १४४ झालं. पोटगीचा हक्कही तोच, वसुलीची रीतही तीच. जुन्या कायद्याखाली झालेले हुकूम आणि चालू असलेली प्रकरणं कायम राहतील, हे नव्या संहितेच्या कलम ५३१ मध्येच लिहिलेलं आहे. माझ्या दुकानात त्या जुलैपासून फरक पडला तो एवढाच, की नव्या अर्जाच्या डोक्यावर १४४ टाइप करावं लागतं.

आता दुसरा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान करणारा हाच आहे, आणि तो बायांइतकाच बापांनाही बुडवतो.

वसुली कशी चालते ते आधी सांगतो. हुकूम असूनही पैसे आले नाहीत, की बाई वसुलीचा अर्ज टाकते. आमच्याकडे त्याला सगळे 'रिकव्हरी' म्हणतात. समोरच्याला नोटीस जाते. तो आला नाही, किंवा पुरेशा कारणाशिवाय भरत नाही असं दिसलं, तर कोर्ट वॉरंट काढतं. दंड जसा वसूल करतात तशी ही वसुली. जंगम माल जप्त करून विकता येतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी रक्कम काढता येते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यानं हे नीट वाचावं. इतकं करूनही बाकी उरली, तर न भरलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद, किंवा त्याआधी पैसे भरले तर भरेपर्यंत.

ते शेवटचे शब्द मेसेज लिहिणाऱ्यानं गाळले. पैसे भरताक्षणी माणूस सुटतो, म्हणजे कैद आहे ती पैसे काढण्यासाठी. कैद हीच रकमेची किंमत असती, तर भरल्यावर सोडायचं कारणच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे की तुरुंगात पाठवणं हा वसुलीचा मार्ग आहे, त्यानं देणं फिटत नाही. देणं फिटतं ते पैसे दिल्यावर. या निकालाला तीन दशकं उलटून गेली आणि आजही लोक महिना मोजत आत बसतात.

माझ्या बहिणीचाच हिशेब घ्या. ११ महिन्यांचे ६६,००० रुपये. महिनाभर आत राहिल्यानं ते माफ होत असते, तर दिवसाला २,२०० रुपये झाले. शाळेची फी, दप्तर, तापाचं औषध, डाळ-तांदूळ यासाठी ठरलेले पैसे बापानं कोठडीत बसून फेडायचे, आणि लेकराच्या ताटात त्यातलं काहीच पडायचं नाही. असा कायदा कोण करेल?

मागच्या वर्षी हिंगण्याकडच्या कारखान्यात काम करणारा एक जण दुकानात आला होता. दाढी वाढलेली, हातात घडी पडलेला कागद. कुणीतरी सांगितलं म्हणून तो महिनाभर आत राहून आला होता आणि 'प्रकरण संपलं' असा अर्ज माझ्याकडून टाइप करून हवा होता. मी त्याला वकिलाकडे पाठवलं. तासाभरानं परत आला तो बाकावर बसूनच राहिला. सगळी बाकी जशीच्या तशी होती, वर आत असतानाचा महिना चढला होता आणि कारखान्यानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. थोडे थोडे हप्ते करून भरतो म्हणून त्यानं आधीच कोर्टाला सांगितलं असतं, तर त्याची नोकरी राहिली असती आणि लेकरालाही काही मिळालं असतं.

एक कबूल करतो. एका अर्जावर एका वेळी किती कैद देता येते, यावर न्यायालयांत एकमत नाही, आणि पुष्कळ प्रकरणांत ती एका महिन्यावरच थांबते. अर्धवट ऐकून मेसेज बनवणाऱ्यानं बहुतेक हेच उचललं असावं. पण कैद थांबते म्हणून बाकी पुसली जात नाही.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, आणि माझ्या बहिणीला घाई करायला लावली ती याच अर्ध्यानं. रक्कम ज्या तारखेला देय झाली, तिथून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज आला पाहिजे, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. हे कलमातच आहे. हक्क मात्र मरत नाही. दिवाणी मार्गानं ती बाकी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं आहे. पण तो रस्ता लांबचा, आणि ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या बाईला तो परवडत नाही. म्हणून मी प्रत्येकीला सांगतो, वर्ष भरायची वाट पाहू नका, पाच-सहा महिने थकले की अर्ज टाका. बहिणीचा अकरावा महिना चालू होता. मेसेजवर विश्वास ठेवून ती आणखी दोन महिने घरी बसली असती, तर पहिल्या महिन्याचे ६,००० वॉरंटच्या बाहेर गेले असते. खोट्या मेसेजनं असं खरं नुकसान होतं.

चौथ्या आणि पाचव्या मुद्द्याला उत्तर आपल्या नागपुरातूनच गेलं आहे. 'रजनेश विरुद्ध नेहा' हा सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल आज देशभरात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दाखवतात. ते प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालं. पोटगीचा अर्ज २ सप्टेंबर २०१३ चा, कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम २४ ऑगस्ट २०१५ चा. पण पैसे द्यायचे ठरले १ सप्टेंबर २०१३ पासून. मुलाला आधी महिना ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. म्हणजे हुकूम झाला तेव्हाच दोन वर्षांचे मुलाच्या नावचे १,२०,००० हिशेबात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१८ मध्ये तो हुकूम कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयानंही ठेवला आणि सगळी बाकी १२ आठवड्यांत भरायला सांगितली. सात वर्षं लागली, हे मी लपवत नाही. कोर्ट हळू चालतं. पण 'तारखा काढल्या की वाचतो' असं समजणाऱ्याला शेवटी सगळ्या महिन्यांचे एकत्र भरावे लागतात, कारण पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हे आता त्याच निकालानं ठरवून टाकलं आहे.

आई कमावते म्हणून बापाची जबाबदारी जात नाही, हेही त्यातच आहे. मुलाच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाचा. आईची कमाई पुरेशी असेल तर दोघांत आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. आता शिलाईतून महिना सात-आठ हजार सुटणाऱ्या बाईला 'कमावती' म्हणून हा मेसेज दाखवायचा असेल, तर दाखवणाऱ्यानं आधी तिच्या घरी एक दिवस राहून पाहावं.

नोकरी सोडल्याचं म्हणाल, तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं आहे की धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलं पाहिजे. 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालानंतर दोन्ही बाजूंना मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं: पगार, बँक खाती, जमीन, गाडी, कर्जाचे हप्ते, सगळं. खोटं लिहिलं तर त्याची वेगळी कारवाई. मी ही शपथपत्रं रोज टाइप करतो. 'बेरोजगार' लिहून खाली दर महिन्याचा गाडीचा हप्ता दाखवणारे असतात, आणि जज साहेब पहिलं बोट तिथंच ठेवतात. नोकरी चालू असेल तर पगारही सुरक्षित नाही. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भाग राखून बाकीच्यावर जप्ती आणता येते. नोकरी खरंच गेली असेल तर रक्कम कमी करून मागायला कलम १४६ आहे. तो अर्जही मी टाइप करतो. पण त्यासाठी कोर्टात यावं लागतं, फोन बंद करून चालत नाही.

सहाव्या मुद्द्यावर मी थोडं हळू बोलतो. काही आया मुलाला भेटू देत नाहीत, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे. भेटीच्या तारखेला खेळण्याची पिशवी घेऊन बाप दिवसभर बसतो आणि कोणी येत नाही. हा अन्याय आहे. पण त्याला भेटीचा वेगळा अर्ज आहे, तो टाका, भेटीचा हुकूम मिळवा, तो मोडला तर कोर्टाला दाखवा. पोटगी अडवली तर आईचं काही अडत नाही, लेकराची फी अडते.

सातवा मुद्दा सरळ खोटा आहे. मुलाचा हक्क मुलाचा असतो, आईनं 'काही नको' लिहून दिलं तरी तो तिला सोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही हे म्हटलं आहे.

सोमवारी बहीण आली. निळ्या फाइलमध्ये हुकुमाची नक्कल, पासबुक, शाळेच्या फीच्या पावत्या. पासबुकावर ज्या ज्या महिन्यात पैसे आले नाहीत, तिथं तिनं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली होती. अकरा फुल्या. मध्ये एकदा तिच्या नवऱ्यानं मुलीला सायकल घेऊन दिली होती. "ते धरायचं का?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, तो जबाबात काय लिहील ते लिहील, सायकल ही भेट आहे, पोटगी नाही. आणि यानंतर हातात रोख घेऊ नकोस, खात्यातच घे, म्हणजे दोघांनाही पुरावा राहतो.

तिच्याकडे वकिलाच्या फीचे पैसे नव्हते. ते लागतही नाहीत. स्त्रीची मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. विधी सेवेची हेल्पलाइन १५१०० आहे. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर हा नंबर पाठवा.

अर्ज पावणेदोन पानांचा झाला. महिन्यांचा तक्ता मी दोनदा तपासला, तिनं तिसऱ्यांदा बोट ठेवून तपासला आणि सही केली. दुपारी अर्ज दाखल झाला. रात्री मी तिच्या भावाला फोन केला आणि पुढच्या तारखेला तिच्यासोबत यायला सांगितलं. तो येतो म्हणाला.