सेंट बर्नार्ड, दारव्हा आणि मे महिना: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची कमेंट दोनदा वाचली, दोन ओळीत उत्तर देण्यासारखी नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी मागं लिहिलं होतं की विदर्भातल्या खेड्यात घरी पाळायला म्हणून डोंगरी जातीचं मोठं कुत्रं, म्हणजे सेंट बर्नार्ड, बर्नीज, तिबेटन मॅस्टिफ वगैरे, आणायच्या आधी नीट विचार करा, आणि माझं मत विचाराल तर आणूच नका. त्यावर दारव्ह्याकडच्या या भाऊंचं म्हणणं असं की नागपुरात लोक एसी लावून सेंट बर्नार्ड मजेत पाळतात, मग खेड्यातल्या माणसानं हौस करूच नये का. उन्हाळ्यात केस भादरले की झालं. वावरात रानडुकरांचा त्रास आहे तर मोठं कुत्रं जागलीला कामाचं. परदेशी नको तर हिमाचलचं गद्दी घेऊ, ते तर देशी आहे. आणि मी उगाच गावठी कुत्र्यांचा उदोउदो करतो. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, की पोरीला एका रीलमध्ये हे कुत्रं आवडलं आणि सेंट बर्नार्डच्या पिल्लाचा ॲडव्हान्स देऊन झालाय. ही ओळ तुम्ही सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होती बावा.

आधी हौसेचं बोलू, कारण खरा राग तिथलाच दिसतो. मी काही नागपूरच्या फ्लॅटमध्ये बसून लिहीत नाही, आर्वीच्या अलीकडं गाव आहे आमचं, कोठ्यात बैलजोडी आहे, लाइट गेली की तुमच्यासारखाच लाइनमनला फोन लावत बसतो. खेड्यातल्या माणसानं मोठं कुत्रं पाळू नये असं मी कुठं लिहिलं? उलट मोठ्या कुत्र्याला जे लागतं त्यातलं बरंच आपल्याकडंच आहे, अंगण आहे, आजी आहे, दिवसभर घरी कोणी ना कोणी असतं, पोट्टे असतात, फ्लॅटमधलं सेंट बर्नार्ड मालक कामावरून येईपर्यंत बंद दारामागं पडून राहतं त्याला मी तरी मजेत म्हणणार नाही. पण ऊन काही सातबारा पाहून पडत नाही ना. नागपूरवाल्याकडं एसी आहे, इन्व्हर्टर आहे, आणि जनावरांचं कॉलेज तिथंच गावात आहे. आपल्याकडं मे महिन्यात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर दुसरी यायला किती दिवस लागतात ते मी तुम्हाला सांगू?

आता मुद्द्याचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच, बाकी सगळा भार जिभेवर. धापा टाकायच्या, तोंडातलं पाणी वाफ करून उडवायचं आणि त्यातून अंगातली गरमी बाहेर काढायची, म्हणजे आपला डेझर्ट कूलर करतो तेच. आणि कूलर कधी चालत नाही हे विदर्भातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५-४६ वर असतो पण हवा कोरडी असते, वाळ्याची ताटी ओली झाली की खोलीत बसवतं तरी. पण मृगाच्या तोंडावर आभाळ भरून येतं, पाऊस काही पडत नाही, आणि कूलर नुसता दमट वारा फेकतो, त्या दिवसांत कुत्र्याचंही तसंच होतं, जीभ हातभर बाहेर पण अंग काही निवत नाही. लोक मे महिन्यात जपतात आणि जून लागला की निर्धास्त होतात. त्यात सेंट बर्नार्डचा नर म्हणजे ६५ ते ८० किलो, अंगावर दुहेरी केस, वरचे राठ आणि खालचे लोकरीसारखे दाट. अंग जितकं मोठं तितकी आतली गरमी बाहेर पडायला वेळ जास्त.

माझ्या साळ्याकडं आहे सेंट बर्नार्ड, पुलगावच्या बाजूला, म्हणून हे नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट, डीपी सकाळीच गेलेली, कूलर बंद, कुत्र्यानं अंगणात रांजणाखाली जिथं पाणी ठिबकतं तिथली माती उकरून खड्डा केला आणि त्यात पोट टेकवून पडलं, घरच्यांना वाटलं बरं आहे, गारव्याला झोपलंय. चार वाजता पोरगी भाकर टाकायला गेली तर मान उचलेना. हिरड्या विटकरी लाल, लाळेच्या जाड चिकट तारा, उभं केलं तर मागचे पाय लटपट करून बसलं. कुत्र्याचं अंग एरवीच १०१-१०२ फॅरनहाइट असतं, याचं थर्मामीटरवर १०६ च्या वर. डॉक्टर फोनवर म्हणाले, गाडीत नंतर घाला, आधी आहे तिथंच पाणी ओता आणि वारा घाला. विहिरीवरून बादल्या सुरू झाल्या, सुपानं वारा, एका पोरानं जोशात फवारणीचा पंप उचलून आणला तर माझ्या सासूबाईंनी तो तिथंच हिसकला, पऱ्हाटीवर औषध मारायचा पंप जनावरावर मारतं काय म्हणून. कोणीतरी ओलं पोतं अंगावर झाकलं होतं तेही डॉक्टरांनी काढायला लावलं, झाकलेल्या पोत्यात वाफ कोंडते, पाणी केसांच्या मुळापर्यंत, पोटाला, जांघेत गेलं पाहिजे.

वाचलं. त्यानंतर तुरीच्या पैशातून एसी आला, इन्व्हर्टर आला पण त्यावर एसी चालत नाही ते वेगळंच. आता होळीपासून पाऊस लागेपर्यंत त्या घरातली पुढची खोली कुत्र्याची, पाहुणे मागच्या पडवीत. फिरवणं पहाटे पाचला. पावसाळ्यात केस आतून वाळत नाहीत तर कातडीला ओले चट्टे पडतात, त्याचं मलम वेगळं, गोचीड वेगळे, एकदा गोचीडतापही झाला. स्वभावाचं विचाराल तर सोनं आहे ते, पोरं अंगावर लोळतात, आजी काठीनं बाजूला सारते, हू की चू नाही. तुमच्या पोरीला त्या रीलमधलं कुत्रं काहून आवडलं हे मला बरोबर समजतं. साळ्याला विचाराल तर तोही म्हणेल देऊन टाकणार नाही, आणि दुसरं आणणार नाही.

केस भादरायचं मात्र डोक्यातून काढा. आतली मेलेली लोकर कंगव्यानं ओढून काढायची, ती काढलीच पाहिजे, पण कातडीपर्यंत मशीन फिरवली की उन्हानं कातडी भाजते, केस परत येतात ते कसेबसे, ठिकठिकाणी, आणि गरमी मुळात जिभेवाटे जाते ती तेवढीच जाते. बाकी त्या लांब केसांचीही गंमतच आहे. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड आहे, २,४६९ मीटर उंच, आपलं कळसूबाई १,६४६. तिथल्या मठात ही कुत्री वाटसरूंना बर्फातून हुडकून काढायची. त्यातलं बॅरी नावाचं कुत्रं १८०० सालच्या सुमाराचं, चाळीसच्या वर माणसं वाचवली असं सांगतात, बर्नच्या म्युझियममध्ये अजून पेंढा भरून ठेवलंय. ते आजच्यापेक्षा बरंच लहान आणि आखूड केसांचं होतं. लांब केस आले ते एकोणिसाव्या शतकात न्यूफाउंडलंड जातीशी संकर केल्यावर, आणि त्या केसांत बर्फाचे गोळे अडकायला लागले, म्हणजे रीलमध्ये जे शोभून दिसतं ते बर्फातसुद्धा कामाचं नव्हतं. आखूड केसांचा सेंट बर्नार्ड आजही असतो, ब्रीडर तो दाखवत नाहीत कारण गिऱ्हाईक मागत नाही.

रानडुकरांसाठी म्हणाल तर हे गणितच चुकतंय. सेंट बर्नार्ड काही राखणदार नाही, बर्नीज तर स्वित्झर्लंडच्या शेतकऱ्याचं दुधाची गाडी ओढणारं कुत्रं. राखणदार डोंगरी कुत्री वेगळी, तिबेटन मॅस्टिफ, पिरेनीज, गद्दी. पण तीसुद्धा लहानपणापासून ज्या मेंढरांत वाढतात त्या मेंढरांना राखतात, तुरीच्या पाट्यांना नाही. डुक्कर त्याच्या वाटेनं येणार, हे भुंकणार, आणि सुळ्याचा एक फटका पोटाला बसला की तुमची जागल रात्री दोन वाजता टाके घालणारा डॉक्टर शोधण्यात जाणार. बिबट्या असेल त्या भागात तर बोलायलाच नको, गद्दी लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो काय दागिना म्हणून घालतात का.

आणि गद्दी देशी आहे म्हणून चालेल हे तर मला सगळ्यात भारी वाटलं. देशी आहेच, चांगलं आहे, पण देश केवढा आहे भाऊ! चंबा-कांगड्याकडचे गद्दी मेंढपाळ हिवाळ्यात कळप खाली आणतात आणि उन्हाळा लागला की धौलाधार चढून वरच्या कुरणांकडं निघतात. आपण इथं मे महिन्यात माठाजवळ बसलेलो असतो तेव्हा ते कुत्रं वर थंडीच्या वाटेला लागलेलं असतं. खालचा उन्हाळा त्या जातीनं चुकवतच आणलाय.

स्वभावाचाही विचार करा. ही राखणदार कुत्री हुकुमाची वाट पाहत नाहीत, डोंगरात मालक कोसभर लांब असतो तर काय करायचं ते स्वतःच ठरवतात, रात्रभर भुंकतात, अनोळखी माणूस त्यांना खपत नाही. आता आपली घरं पाहा. बेल कुठं असते आपल्याकडं? सालदार सरळ कोठ्यात जातो, शेजारची काकू विरजण मागायला थेट चुलीपर्यंत येते, चुलत्याची पोरं भिंतीवरून उडी मारून येतात. अशा घरात ५०-६० किलोचं कुत्रं स्वतःच्या मनानं ठरवायला लागलं की कोण आपला आणि कोण परका, तर एक दिवस कोणीतरी ग्रामीण रुग्णालयात रेबीजच्या सुया घेत बसणार आणि भावकीत पिढीभर भांडण. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, त्यात कंगाल, कॉकेशियन शेफर्ड, सेंट्रल एशियन शेफर्ड अशी कळप राखणारी कुत्री बरीच होती. कर्नाटक हायकोर्टानं ते एप्रिलमध्ये रद्द केलं, आणि सरसकट बंदी मलाही पटली नव्हती, पण भीती अगदीच हवेतली नव्हती.

गावठीचा उदोउदो मी करत नाही, आमचं गावठी दोनदा कोंबड्या मारून आलंय. फक्त ते मे महिन्यात बंडीखाली झोपून उठतं आणि संध्याकाळी शेपटी हलवतं, एवढंच लिहिलं होतं. मोठं आणि आखूड केसांचं पाहिजे तर कारवानी आहे, मुधोळ आहे, उन्हाला काटक, पण ती शिकारी धावणारी कुत्री, शेजाऱ्याच्या बकऱ्या दिसल्या की सुटली, आणि मिठी मारायला नुसती हाडं. पोरीला ते चालणार नाही हे मान्य.

आता ॲडव्हान्स. ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारा, २०१७ च्या नियमांप्रमाणे तो लागतो, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. केनेल क्लबचा कागद म्हणजे वंशावळ, तब्येतीची हमी नाही, आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे वेगळे मागा. नाही म्हणाला तर समजून घ्या. होळीच्या सुमाराला पिल्लू घरी आणू नका, दिवाळीनंतरची वेत मिळेल का विचारा, म्हणजे निदान एक हिवाळा त्याला अंग धरायला मिळतो. आखूड केसांचंच मागा.

आणलंच तर कॅल्शियमचं सिरप डॉक्टरनं सांगितल्याशिवाय पाजू नका, मोठ्या जातीत जास्तीचं कॅल्शियम हाडं वाकडी करतं, आणि पिल्लू गुबगुबीत दिसावं म्हणून कोंबू नका, कापसाच्या काट्यावर महिन्याला वजन करा आणि लिहून ठेवा. पूर्ण वाढलं की दिवसाला अडीच हजार कॅलरीच्या वरच लागतात, डवरणी करणाऱ्या गड्याचा खुराक आहे तो, नुसत्या भाकर-ताकावर निघत नाही. जेवण दोनदा, जेवल्यावर पळवायचं नाही. पोट फुगून टणक झालं, ओकारीचा जोर करतंय पण काही पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ बसलेला असतो, त्यात हातात काही तास असतात, आणि दारव्ह्याहून नागपूर चार तास. म्हणून रात्री ऑपरेशन करणारा डॉक्टर यवतमाळ-अमरावतीकडं कोण आहे ते पिल्लू यायच्या आधी शोधून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

ॲडव्हान्स परत मिळतो का तेही विचारून पाहा, अर्धा मिळाला तरी घ्या. ब्रीडर काय म्हणतो ते इथंच खाली लिहा, एक्स-रे पाठवले तर आधी तुमच्या तालुक्याच्या पशुधन अधिकाऱ्यांना दाखवा, मला नंतर.