थॉमस गॅलोडेट: पिता-पुत्रांची गल्लत
एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू थॉमस गॅलोडेट यांनी १८१७ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे कर्णबधिरांची शाळा काढली, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. ती शाळा त्यांचे वडील थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट यांनी लोराँ क्लेर या फ्रेंच कर्णबधिर शिक्षकाच्या साथीने उभारली. पुत्राचा तर जन्मच १८२२चा. पुत्राचे कार्य वेगळे आहे आणि तेही तितकेच मोलाचे आहे. आई सोफिया आणि पत्नी एलिझाबेथ या दोघीही कर्णबधिर असल्यामुळे खुणांची भाषा त्यांच्या घरातच नांदत होती, आणि १८५२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्थापन केलेल्या सेंट ॲन्स चर्चमध्ये ते याच भाषेत, हातांनी, प्रार्थना चालवीत. वॉशिंग्टनमधील कर्णबधिरांसाठीच्या गॅलोडेट विद्यापीठाला नाव मात्र वडिलांचे आहे.