मामांची सुटका आणि इतर किरकोळ कामे

गेल्या जूनमध्ये आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेले आणि होस्टेलवर चोरीला जाईल या भीतीने टीव्हीला जोडून खेळ खेळायचे आपले प्लेस्टेशन घरीच ठेवून गेले. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोणतेही यंत्र महिनाभर बंद ठेवले की त्याला ओल धरते, असे आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याने मला एकदा सांगितले होते. तेव्हा केवळ त्या यंत्राच्या प्रकृतीसाठी ते रोज पंधरा मिनिटे चालू ठेवावे, इतक्या निर्मळ हेतूने मी दिवाणखान्यात बसलो. या गोष्टीला आता चार महिने झाले. यंत्राला ओल धरलेली नाही. माझ्याविषयी मात्र घरात तसे कोणी म्हणत नाही.

यंत्रात जी तबकडी अडकून राहिली होती ती ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या खेळाची. २०२० साली आलेला हा खेळ बनवला अमेरिकेतल्या सकर पंच या कंपनीने, पण गोष्ट आहे जपानची. १२७४ साली मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या आरमाराने जपानवर पहिली स्वारी केली, तेव्हा वाटेत लागणाऱ्या त्सुशिमा बेटावर ते आधी उतरले. तिथला सरदार सो सुकेकुनी जेमतेम ऐंशी घोडेस्वारांनिशी त्यांना सामोरा गेला आणि सगळे कापले गेले, एवढा झाला इतिहास. खेळातली माणसे मात्र कल्पनेतली आहेत. कोमोदाच्या किनाऱ्यावर एक सामुराई रीतीप्रमाणे पुढे होऊन द्वंद्वाचे आव्हान देतो, आणि खोतुन खान नावाचा मंगोल सेनापती हातातली दारू त्याच्या अंगावर फेकून त्याला पेटवून देतो. त्या कत्तलीतून जिन साकाई नावाचा एक तरुण वाचतो, आणि बेटाचे अधिपती लॉर्ड शिमुरा कानेदा किल्ल्यात कैद होतात. त्यांना सोडवणे हे जिनचे, म्हणजे पर्यायाने माझे, पहिले मोठे कर्तव्य.

हे शिमुरा जिनचे कोण, या प्रश्नाला चिरंजीवांनी फोनवर “अंकल” असे उत्तर दिले. इंग्रजीत काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा आणि खालच्या मजल्यावरचे भाडेकरू हे सगळेच अंकल असल्यामुळे या उत्तराचा उपयोग झाला नाही. मी गोष्ट नीट ऐकली आणि उलगडा झाला, की शिमुरा हे जिनच्या आईचे भाऊ, म्हणजे सख्खे मामा. हा शोध मी स्वतःपाशी ठेवायला हवा होता. तो मी आईला सांगितला.

माझ्या आईचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि तिला एकच धाकटा भाऊ, जो गारगोटीजवळ शेती करतो. त्या क्षणापासून तिने या युद्धात थेट फिर्यादीची बाजू घेतली. रोज संध्याकाळी हरिपाठ संपवून ती दाराशी यायची आणि विचारायची, “सोडवलास काय रे मामाला?”

मी सोडवलेले नसायचे. एकदा मी थेट किल्ल्याच्या पुलावर गेलो होतो, नाही असे नाही. पण तिथे त्या खानाने मला उचलून खाली पाण्यात फेकले, आणि तसे करणे कथेतच लिहिलेले असल्यामुळे त्यात माझा दोष नव्हता. त्यानंतर सोबती जमवून, तयारी करून पुन्हा जायचे असते. घात झाला तो या ‘तयारी’ शब्दाने. हा खेळ खुल्या जगाचा आहे, म्हणजे अख्खे बेट तुमच्यापुढे पसरलेले असते आणि कुठे जायचे ते तुमच्या मर्जीवर असते. पडद्यावर बाण किंवा रेघ नसते. कंट्रोलरवरच्या पट्टीवर बोट वर सरकवले की वारा सुटतो, गवत एका बाजूला झुकते आणि त्या दिशेने घोडा हाकायचा. मध्येच एक सोनेरी पक्षी चिवचिवत येतो आणि ‘माझ्यामागे ये’ असे सुचवतो. या पक्ष्याला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पक्षी एकदा कोल्ह्याच्या बिळाशी नेतो, एकदा गरम पाण्याच्या झऱ्याशी, एकदा बांबूच्या फोकांशी. कोल्ह्याच्या मागे पळत गेले की तो इनारी देवतेच्या छोट्या देवळापाशी थांबतो, तिथे नमस्कार करायचा आणि जमल्यास कोल्ह्याला कुरवाळायचे. अशी एकोणपन्नास बिळे आहेत. झरे अठरा, बांबू कापण्याच्या जागा सोळा, आणि निसर्ग न्याहाळत बसून कविता करण्याच्या जागा एकोणीस. शिवाय चिलखताला नवा रंग द्यायचा तर रंगाऱ्याला फुले वेचून द्यावी लागतात. मी फुलांचे ताटवेच्या ताटवे वेचले. “देवाला चार जास्वंदी आण म्हटलं तर तुला पाऊस लागतो,” असे आई तेव्हा म्हणाली, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

परंतु या उद्योगांना कोणी उनाडक्या म्हणू नये. झऱ्यात बसल्याने जिनची प्राणशक्ती वाढते, बांबू एका दमात कापले की मनोबळ वाढते आणि कोल्ह्याच्या देवळांमुळे जास्त ताईत बांधता येतात. मामांना सोडवायचे तर अंगात बळ हवे आणि बळ हवे तर आंघोळ हवी, हा युक्तिवाद मला आजही निर्दोष वाटतो. तो आईला पटवून देण्याची वेळ मात्र चुकली. चहाचा कप घेऊन ती खोलीत शिरली तेव्हा जिन नेमका कपडे उतरवून, आमच्याकडे पाठ करून, सावकाश पाण्यात उतरत होता.

“अगं बाई! ह्यो कोण?”

“जिन. तयारी करतोय.”

“कसली तयारी? भाऊ तिकडं कोंडलाय माझा आणि ह्यो इथं डुंबायलाय!” चहा टेबलावर आदळला गेला. त्यानंतर आठवडाभर मी झऱ्यांकडे फिरकलो नाही आणि त्याऐवजी कविता केल्या, कारण कविता करताना जिन अंगभर कपड्यांत असतो.

या कवितांबद्दल माझी एक तक्रार आहे. जिन हायकू रचतो, तर हायकूचे मूळ जी होक्कू, ती स्वतंत्र कविता म्हणून बहरली सतराव्या शतकात, बाशो या कवीच्या काळी. आणि हायकू हे नाव रूढ केले कवी मासाओका शिकीने, तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे जिनचे काम काही शतके आगाऊ चालले आहे. मी ज्या पतसंस्थेत नोकरी करतो, तिथे माझा मासिक गोषवारा नेहमी पंधरा दिवस उशिरा जातो, तेव्हा आगाऊ काम करणाऱ्याला मी नावे ठेवू नयेत हे खरे. पण मागे गाव जळत असताना मान वर करून पानगळीवर तीन ओळी सुचवायला लागणारे काळीज कुठून आणायचे, हे मला कळत नाही. कविता पूर्ण झाल्यावर बक्षीस म्हणून डोक्याला बांधायची पट्टी मिळते. माझ्याकडे आता नऊ पट्ट्या आहेत.

प्रत्यक्ष लढाईचा भाग मला त्या मानाने लवकर उमगला, आणि त्याचे श्रेय आमच्या गल्लीला आहे. शेजारचा मुलगा मर्दानी खेळ शिकतो. माझ्या या खेळात तलवार धरण्याच्या चार तऱ्हा आहेत हे ऐकून तो म्हणाला, “म्हंजे पवित्रेच की ओ काका!” तलवारवाल्याला पाषाणाचा पवित्रा, ढालवाल्याला पाण्याचा, भालेवाल्याला वाऱ्याचा आणि अंगाने रेड्यासारख्या असलेल्याला चंद्राचा. हे मी कागदावर लिहून टीव्हीच्या खाली चिकटवले. अडचण इतकीच, की मंगोल एकेकटे येत नाहीत. भालेवाला समोर पाहून मी वाऱ्याचा पवित्रा घ्यावा, तोवर ढालवाला पुढे घुसतो. पाण्याचा घ्यावा, तर मागून रेडा. चष्मा कपाळावर चढवून कागद वाचेपर्यंत जिन अनेकदा वीरगतीस प्राप्त झाला आहे.

मला खरे कौशल्य आहे ते आमनेसामनेच्या द्वंद्वात. शत्रूला ललकारायचे, त्रिकोणाचे बटण दाबून धरायचे, समोरचा खोटी हूल देतो तिला फसायचे नाही आणि तो खरोखर झेपावला की बटण सोडायचे. एका घावात काम तमाम. चिरंजीवांना हे शिकायला दोन दिवस लागले होते. मी पहिल्याच खेपेला तीन मंगोल सलग पाडले, कारण दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलवर लाल दिवा असताना चारही बाजूंनी एकेक वीत पुढे सरकणाऱ्या मोपेड मी वीस वर्षे पाहत आलो आहे. कोण नुसती हूल देतो आहे आणि कोण खरोखर घुसणार आहे, हे मला समोरच्याच्या खांद्यावरून कळते.

कथेतला मुख्य पेच मात्र आमच्या घरात कोणालाच पेच वाटला नाही. शिमुरा मामांची शिकवण अशी, की सामुराईने शत्रूच्या डोळ्याला डोळा भिडवून लढावे; अंधारात मागून जाऊन वार करणे हा कलंक. जिन मात्र मूठभर माणसांनिशी मंगोलांना हटवायचे म्हणून गवतात दबा धरायला शिकतो, आणि त्या बिचाऱ्याला प्रत्येक वेळी मामांचे शब्द आठवून टोचणी लागते. ज्या मुलखात चौथीच्या इतिहासात गनिमी कावा शिकवतात आणि जिथे गच्चीवरून पन्हाळा दिसतो, तिथे ही टोचणी कोणाला लागावी? सिद्दी जौहरचा वेढा असताना १६६० च्या जुलैमध्ये महाराज भर पावसात, रात्री, गडावरून निसटले ते काय वेढा घालणाऱ्यांना आधी ललकारून? आईने हा मुद्दा एका वाक्यात निकालात काढला : “तुझा तो मामा शाना असता तर कोंडला गेला असता काय?” पक्षकाराविरुद्ध तिने काढलेला हा एकमेव उद्गार.

लपूनछपून वार करण्याचा एक तोटा आहे खरा. जितके अधिक लपून माराल, तितके त्या बेटावर पाऊसवादळ वाढत जाते. जुलैअखेरीस राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली होती, बाहेर धो धो कोसळत होते आणि पडद्यावरही विजा कडाडत होत्या. सौभाग्यवतींनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले आणि “जरा सरळ मारा की लोकांना,” असे मला सांगितले. जिनपाशी हवामान बदलणारी बासरी आहे. ती वाजवून मी त्सुशिमात ऊन पाडले. दोरीवरचे कपडे मात्र तीन दिवस वाळले नाहीत.

गणपती विसर्जनानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, पतसंस्थेला सुट्टी असताना, खरे मामा गारगोटीहून आले. डोळे तपासायचे होते, दुपारी बाराची वेळ ठरली होती आणि दहा वाजता मला मध्यवर्ती बसस्थानकावर जायचे होते. मी साडेनऊला तयार होतो. हाताशी अर्धा तास होता, एकतिसावा कोल्हा समोर होता, आणि कोल्हा कड्याच्या पलीकडे गेला. मी स्टँडवर पोहोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. तेवढ्यात आईचा फोन आला. “एक मामा किल्ल्यात, एक मामा स्टँडावर. आता मावशी उरलीय तेवढी, तिलाबी कुटंतरी बसवून ये.”

मामा पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन शांत बसले होते. “आलास व्हय,” एवढेच म्हणाले आणि स्कूटरवर मागे बसले. मी दवाखान्याकडे वळणार तोच खांद्यावर थाप पडली. “आदी मिसळ खाऊ. डोळं काय पळून जात न्हाईत.” मिसळ झाली. तिथून चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून चप्पल लाईनीत. तिथे अंगठा शिवून घेताना करकर वाजणाऱ्या नव्या जोडाचा भाव, आणि भाव पटेना म्हणून आणखी तीन दुकाने. मग खासबाग मैदान, तेही नुसते बाहेरून. कुठल्या पायरीवर बसून त्यांनी कुठली कुस्ती पाहिली हे भिंतीच्या अलीकडून बोटाने दाखवण्यात वीस मिनिटे गेली. लक्ष्मीपुरीत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडून त्यांनी सुतळीचा एक गुंडा घेतला. मी मुकाट्याने मागे चालत होतो. चाल इतक्या सवयीची झाली होती, की एका वळणावर मी वारा कुठल्या बाजूने आहे ते पाहिले. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि दारावर ‘संध्याकाळी ५ ते ८’ अशी पाटी होती.

“बरं झालं,” मामा म्हणाले, “रंकाळ्यावर जाऊन बसू.”

पाच वाजता एकदाचे डोळे तपासून झाले. परतताना गंगावेशीत थांबून, म्हशीची धार समोर काढून घेऊन, मामांनी फेसाळ दुधाचा एक मोठा पेला रिचवला आणि म्हशीच्या मालकाशी तिच्या कासेबद्दल सविस्तर चर्चा केली. घरी आलो तेव्हा आईने दोन्ही आघाड्यांचा समाचार एकदम घेतला.

रात्री जेवण झाल्यावर मामा माझ्या शेजारी येऊन बसले. डोळ्यांत थेंब घातलेले असल्यामुळे त्यांना रंग तेवढे दिसत होते. पडद्यावर पांढऱ्या तुऱ्यांच्या गवताचे माळरान वाऱ्यावर हलत होते आणि त्यातून माझा घोडा निघाला होता.

“गवात लई माजलंय,” ते म्हणाले, “पर म्हशी तोंड लावायच्या न्हाईत त्येला. घोडं चांगलं हाय. पाणी कवा पाजतोस?”

पाणी पाजायची सोय खेळात नाही, हे मी सांगितले. त्यांना ते अजिबात आवडले नाही.

आई दाराशी येऊन उभी राहिली. “त्याला सांग जरा, तू तरी. तीन महिनं झालं, मामाला सोडवंना.”

मामांनी कोण मामा, कुठला किल्ला, कैदेत हाल करतात काय, अशी चौकशी केली. खान त्यांना मारहाण करत नाही, शरण यावे म्हणून समजावत असतो, असे मी सांगितले. मामांनी विचार केला.

“मग ऱ्हाऊ दे की गं. मोठा माणूस हाय, दोन येळचं जेवायला घालत असतील.” आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले, “ते तांबडं काय हाललं तितं? कोल्हं हाय न्हवं? बग, बग, कुटं चाललंय. घाल घोडं मागनं.”