'पडक्या बंगल्यात कसला वारसा?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नीरा डाव्या कालव्यावरच्या पाटबंधारे खात्याच्या जुन्या बंगल्यांबद्दलचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, आभार. (वाचलात असं मी धरून चालतोय.) तुम्ही लिहिलंत, 'पुण्यात फ्लॅटमध्ये बसून इंग्रजांच्या कालव्याचे गोडवे गाणं सोपं आहे. पडक्या बंगल्यात कसला वारसा? पाटाने जमिनी चोपण (जास्त पाण्याने खारवून नापीक) झाल्या ते लिहा. फोटो तरी धड टाका.'

फोटो धड नाहीत, मान्य.

पण 'फ्लॅटमध्ये बसून'? फ्लॅट भाड्याचा आहे, ते असो. अहो, माझे आजोबा पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारे. कुणाची पाळी रात्रीची आली की बोटं मोडली जायची ती त्यांच्या नावाने, हे ऐकतच मी वाढलो. मी स्वतः कंदील घेऊन उसात दारं धरली आहेत. भरलेल्या सरीचं दार फावड्याने बांधायचं, पुढच्या सरीचं फोडायचं, मग टोकाला जाऊन उभं राहायचं. अंधारात पाणी दिसत नाही. पायाला गार लागलं की आलं म्हणायचं. तुम्ही कधी दारं धरलीत का? सभ्यपणेच विचारतोय.

शिवाय गोडवे इंग्रजांचे कुठे आहेत? 1876 च्या दुष्काळात या कामावर माती वाहिली ती आपल्याच उपाशी माणसांनी. 1885 ला पाणी सुटलं आणि सासवडचे माळी बारामतीकडे आले, खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. याच मंडळींनी पुढे माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. बंगल्याचं म्हणाल, तर तिथल्या ओट्यावर सात नंबरचा फॉर्म, म्हणजे पाण्याच्या मागणीचा अर्ज, घेऊन साहेबाची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तुम्हाला पडक्या भिंती दिसल्या, त्याला मी काय करू?

चोपण जमिनींचं खरं आहे, कोण नाही म्हणतंय? ऊस एकाच पट्ट्यात न दाटता पाणी जास्त गावांना फिरावं म्हणून इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यासाठी ब्लॉक पद्धत सुचवली होती. पण तो वेगळा विषय आहे, आणि मी गॅझेटियर लिहीत नाही.

पुढच्या वेळी नाव लिहा. निनावी माणसाला एवढं लांबलचक उत्तर मी पुन्हा देणार नाही.